प्रयोगाचे देणे

गर्भाशयमुखाचा कॅन्सर कोणत्या तपासणीने वेळेत सापडतो आणि त्या तपासणीमुळे मरण खरोखर टळते का, या प्रश्नाला जगातले एक अतिशय भक्कम उत्तर मराठवाड्याच्या खेड्यांनी दिले आहे. ऑक्टोबर १९९९ ते नोव्हेंबर २००३ या काळात तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया एका क्लिनिकल ट्रायलमध्ये दाखल झाल्या. गावांचे ५२ गट पाडले होते आणि कोणत्या गटाच्या वाट्याला काय येणार हे कोणाच्या मर्जीने न ठरता निव्वळ योगायोगाने ठरले. एका भागातल्या स्त्रियांची एचपीव्ही या विषाणूसाठी तपासणी झाली. दुसऱ्या भागात पॅप तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. तिसऱ्या भागात सौम्य ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणे. चौथ्या भागात तपासणी नव्हतीच. होती ती आजाराची माहिती आणि जिल्ह्यात आधीपासून मिळत असलेली आरोग्यसेवा. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधल्या लिऑन शहरातली जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून हे काम उभे केले. डॉ. आर. शंकरनारायणन, डॉ. भगवान नेने आणि डॉ. केतायून दिनशॉ ही त्यातली प्रमुख नावे. एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने निष्कर्ष छापले. लातूर जिल्हा १९८२ पर्यंत याच उस्मानाबादचा भाग होता. म्हणजे औसा, निलंग्याच्या घराघरांतून ज्यांच्याशी सोयरीक आहे, अशा बायकांनी हे उत्तर दिले आहे.

उत्तर काय होते ते आकड्यांतच पाहावे, कारण या विषयात विशेषणांचा उपयोग नाही. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या; साधारण आठ वर्षांत त्यांपैकी ३४ जणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेल्या. तपासणी नसलेल्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या. त्यांतल्या ६४ जणी गेल्या. दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यात सापडलेले कॅन्सर पहिल्या गटात ३९, तर तपासणी नसलेल्या गटात ८२. मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, आणि तेही आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने. पॅप आणि डोळ्यांनी पाहण्याच्या तपासणीत मात्र मृत्यू अनुक्रमे ५४ आणि ५६ झाले. ही घट इतकी थोडी होती की ती योगायोगानेही दिसू शकली असती. आणखी एक गोष्ट माझ्या मते तितकीच मोलाची आहे. एचपीव्ही तपासणीत ‘काही नाही’ असे सांगितलेल्या स्त्रियांमध्ये पुढे कॅन्सर होण्याचे प्रमाण वर्षाला लाखात ३.७ एवढेच निघाले. पॅपमध्ये निर्दोष ठरलेल्यांत ते १५.५ आणि डोळ्यांनी पाहून निर्दोष ठरलेल्यांत १६ होते. ज्या बाईला दवाखान्यात एकदा यायलाच मजुरी बुडवावी लागते, तिला पुढची कितीतरी वर्षे खात्रीने घरी पाठवता येईल अशी तपासणी कोणती, हे यातून ठरले.

हे काम बार्शी-उस्मानाबादलाच का झाले, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. शहरातल्या नोंदणीत कर्मचारी दवाखान्यांचे कागद चाळतो, कारण रुग्ण कधी ना कधी दवाखान्यात पोचतोच. परंड्याच्या एखाद्या वस्तीवर तसे होत नाही. तिथे अंगावरून जाणे, तोंडातली न भरणारी जखम, छातीतली गाठ या गोष्टी घरातच राहतात आणि माणूस गेल्यावर ‘आजारी होता’ एवढेच उरते. म्हणून बार्शीच्या नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणे समजावली आणि संशय वाटला त्याला तपासायला आणले. याचा परिणाम नोंदणीपुरता राहिला नाही. डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले की या बोलण्या-फिरण्यामुळेच गर्भाशयमुखाचे कॅन्सर आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडू लागले. म्हणजे ट्रायलच्या आधी एक तपाहून अधिक काळ लोकांशी नाते जोडले गेले होते. पुढे तपासणीसाठी बोलावल्यावर दर दहांतल्या जवळपास आठ स्त्रिया आल्या, त्यामागे ही मेहनत आहे. परकी माणसे गाडीतून उतरली आणि रक्त घेऊन निघून गेली, असे तिथे झालेले नाही.

क्लिनिकल ट्रायल या विषयाची ओळख वाचकाला करून द्यायची तर ती या उदाहरणापासून करावी असे मला वाटते, कारण सामान्य समजुतीत ट्रायल म्हणजे कंपनीची नवी गोळी आणि ती आधी कोणावर तरी ‘ट्राय’ करणे. तसे असतेही. नवे औषध पहिल्या टप्प्यात थोड्या लोकांना देऊन किती मात्रा सोसवते ते पाहतात, दुसऱ्यात त्याचा काही गुण येतो का ते, आणि तिसऱ्यात आधीच्या उपचाराशी त्याची तुलना करतात. पण ट्रायल तपासणीचीही असते, लसीचीही, शस्त्रक्रियेच्या पद्धतीचीही, आणि जुनेच औषध कमी मात्रेत देण्याचीही. या सगळ्यांत समान सूत्र एकच: डॉक्टरला प्रामाणिकपणे ठाऊक नाही की दोनपैकी काय बरे, आणि ते कळण्यासाठी तो काही माणसांची मदत मागतो. ही मदत म्हणजे उसने घेणे आहे. ते फेडावे लागते, आणि फेड दोन प्रकारची असते. प्रश्न विचारताना त्या माणसाचे अहित होऊ न देणे ही पहिली. मिळालेले उत्तर त्याच्या दाराशी पोचवणे ही दुसरी. आपल्याकडची सगळी चर्चा पहिल्या फेडीभोवती होते. माझे म्हणणे असे की मराठवाड्याचे मोठे देणे दुसऱ्या प्रकारचे आहे, आणि ते फिटायचे असेल तर नांदेड आणि लातूर इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी स्वतः प्रश्न विचारणारी ठिकाणे झाले पाहिजे.

उस्मानाबादचे उत्तर कुठे कुठे गेले ते बघा. ज्या पुराव्याच्या आधारे जगभरचे तज्ज्ञ एचपीव्ही तपासणीकडे वळले, त्यात हा अभ्यास अग्रभागी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पहिली तपासणी म्हणून एचपीव्हीच्या डीएनए तपासणीचीच शिफारस केली. भारत सरकारने मात्र २०१६ मध्ये राष्ट्रीय पातळीवर गर्भाशयमुखाच्या तपासणीची चौकट आखली ती ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याच्या पद्धतीची. त्या निवडीला कारणे होती. ती पद्धत स्वस्त आहे, परिचारिका शिकून करू शकते, निकाल जागच्या जागी मिळतो, आणि तमिळनाडूतल्या दिंडिगल जिल्ह्यातल्या ट्रायलमध्ये तिने मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी केले होते. मुंबईच्या वस्त्यांमध्ये डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी केलेल्या ट्रायलमध्ये ती घट ३१ टक्के आली. तिथे दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या होत्या. उस्मानाबादला एका फेरीत तसे घडले नाही. डोळ्यांनी पाहण्याची तपासणी पाहणाऱ्याच्या सरावावर, उजेडावर, फेऱ्या पुन्हा पुन्हा होण्यावर अवलंबून असते. यंत्रावरची तपासणी तितकी नसते. जिथे कर्मचारी बदलतात, जागा रिकाम्या राहतात आणि दुसऱ्या फेरीची हमी कोणी देत नाही, तिथे कोणती पद्धत टिकेल हे यावरून उघड आहे. प्रत्यक्षात एकही पद्धत धड पोचली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधीतरी झालेल्या स्त्रिया १.९ टक्के निघाल्या.

आणि या पोकळीत काय भरले गेले? धाराशिवला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याचे २०१९ मध्ये पुढे आले. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला ‘पिशवी खराब झाली, काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे सांगितले गेल्याच्या हकिगती त्या काळात पुन्हा पुन्हा नोंदवल्या गेल्या. त्या बाईला खरोखर धोका आहे की नाही, हे सांगणारी तपासणी शेजारच्या जिल्ह्यात दहा वर्षांपूर्वी सिद्ध झाली होती. ती तिच्या तालुक्याच्या रुग्णालयात असती, तर भीती दाखवणाऱ्याला तोंड द्यायला तिच्या हातात कागद असता. ज्ञान तयार होणे आणि ते माणसापर्यंत पोचणे यांत पडलेल्या अंतराची किंमत किती असते, याचे याहून वेदनादायक उदाहरण मला माहीत नाही.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते खरे आहेत आणि त्यांना बगल देऊन या विषयाची बाजू घेता येणार नाही. पहिला आक्षेप त्या चौथ्या गटाचा. पॅप तपासणी कित्येक दशके जगाला ठाऊक असताना ३१,४८८ स्त्रियांना तपासणीशिवाय ठेवून त्यांचे मृत्यू मोजणे नीतीला धरून होते का? अमेरिकेतले डॉ. एरिक सुबा यांनी उस्मानाबाद, मुंबई आणि दिंडिगल या तिन्ही अभ्यासांबद्दल हा प्रश्न लावून धरला, आणि ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये यावर दोन्ही बाजूंनी कडाडून लिहिले गेले. संशोधकांचे उत्तर असे की जिल्ह्यात तपासणी मुळात नव्हतीच, त्यामुळे कोणाचे काही काढून घेतले नाही. आणि तुलनेला तो गट नसता तर कोणत्याही तपासणीने मृत्यू किती टळतात हे कळलेच नसते. या उत्तरात तथ्य आहे. पॅपला सगळे ‘सिद्ध’ समजत होते, आणि इथे एका फेरीत तिचा फायदा जवळपास दिसला नाही. चौथा गट नसता तर हे उघड झाले नसते. तरीही हे उत्तर मला पुरे वाटत नाही. ‘इथे मुळातच काही नव्हते’ हे वाक्य एकदा मान्य केले की जितका जिल्हा मागास तितकी संशोधकाची जबाबदारी हलकी, असा हिशेब तयार होतो. तीन तपासण्यांची आपसांत तुलना केली असती तरी कोणती सर्वांत चांगली हे कळले असते. काहीच न करण्याशी तुलना केल्याने त्याहून जास्त कळले, पण त्या जास्तीच्या ज्ञानाचा भार एका गटाने एकट्याने वाहिला. म्हणून माझा निष्कर्ष असा: असा गट ठेवायचाच असेल तर उत्तर मिळताच त्या गटाला ती सेवा कधी, कोण आणि कोणत्या पैशातून देणार, हे अभ्यासाच्या पहिल्या कागदावर लिहिलेले असले पाहिजे आणि नीती समितीने ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ देता कामा नये. हेलसिंकी जाहीरनाम्याच्या नंतरच्या आवृत्त्याही अभ्यासानंतरची सोय आधीच ठरवायला सांगतात. आज गर्भाशयमुखाच्या तपासणीचा असा अभ्यास नव्याने करायचा तर तपासणीविना गट ठेवण्याचे समर्थन करता येणार नाही, कारण उत्तर आता हातात आहे. ते उस्मानाबादच्याच बायकांनी दिले आहे.

दुसरा आक्षेप संमतीचा. ज्यांना वाचता येत नाही, ज्या डॉक्टरसमोर मान वर करून बोलत नाहीत, त्या ‘माहिती समजून घेऊन संमती’ कशी देणार? या शंकेला आधार आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात एचपीव्ही लसीचा एक प्रकल्प झाला. त्यात मुलींच्या मृत्यूंच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने तो थांबवला. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण आश्रमशाळांतल्या मुलींच्या पालकांच्या जागी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांनी संमतीपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले, आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. चूक गंभीर होती. पण त्यावरून ‘निरक्षर माणसाला विचारूच नये’ असा अर्थ काढणे म्हणजे त्याच चुकीचे दुसरे टोक. जी बाई बचत गटाचे कर्ज, पिकाचा विमा, मुलीचे लग्न यांचे निर्णय तोलून घेते, तिला ‘दोन पद्धती आहेत, कोणती बरी ते आम्हाला माहीत नाही, तुमच्या वाट्याला कोणती येईल ते कोणी ठरवणार नाही, मध्येच सोडायचे तर सोडा, उपचार थांबणार नाही’ ही चार वाक्ये कळत नाहीत असे मानणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. ती कळत नसतील तर बहुधा सांगणाऱ्याने नाशिक-मुंबईहून आलेला बारा पानी तर्जुमा वाचून दाखवलेला असतो. नांदेडच्या बोलीत, आशाताईंच्या समोर, घरच्यांशी विचार करायला दोन दिवस देऊन, नि:पक्ष साक्षीदार ठेवून घेतलेली संमती ही खरी संमती असते. त्यासाठी संशोधक त्या मुलखातला असावा लागतो, आणि मी स्थानिक महाविद्यालयांवर भर देतो त्यामागचे एक कारण हेही आहे.

२०१० च्या त्या बंदीची एक बाजू मात्र लोकांसमोर फारशी आली नाही. २००९ मध्येच भारतात नऊ ठिकाणी एचपीव्ही लसीचा वेगळा अभ्यास सुरू झाला होता. बार्शी आणि पुणे ही त्यांतली दोन ठिकाणे. मुलींना दोन डोस पुरतात की तीन लागतात, हा त्याचा प्रश्न होता. खम्ममच्या प्रकरणानंतर सगळीकडचे लसीकरण थांबले, आणि १७,७२९ मुलींपैकी ४,९४९ जणींना एकच डोस मिळालेला राहिला. संशोधकांनी त्या मुलींना वाऱ्यावर सोडले नाही. वर्षानुवर्षे त्यांची तपासणी चालू ठेवली. दहा वर्षांनी दिसले की शरीरात टिकून राहणाऱ्या घातक संसर्गापासून एका डोसनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळते, जवळपास दोन-तीन डोसांइतकेच. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि २०२२ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसला मान्यता दिली. तिच्यामागच्या पुराव्यात बार्शीच्या मुलींचा वाटा आहे. गरीब देशांत लसीचा खर्च आणि खटाटोप यामुळे एकदम कमी झाला. थांबवलेल्या अभ्यासातूनही असे हाती येते, ते केवळ पाठपुराव्यामुळे. माझ्या मते पाठपुरावा हा ट्रायलच्या नीतीचा गाभा आहे. संमतीपत्रावरची सही एका दिवसाची असते, पाठपुरावा दहा वर्षांचा.

‘आमच्या लोकांना गिनिपिग करू नका’ हा तिसरा आक्षेप कंपन्यांच्या ट्रायलवर रोखलेला असतो. इंदूरमधल्या ट्रायलबद्दलच्या वादानंतर तो अधिक धारदार झाला. तिथल्याच स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि त्यातून २०१३ पासून नियम कडक होत गेले. २०१९ च्या नव्या औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांत इजेसाठी उपचार आणि भरपाई, नीती समितीची नोंदणी, तिच्यात निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे, अशा अटी आल्या. प्रत्येक ट्रायल आधी सार्वजनिक नोंदवहीत नोंदवणे २००९ पासूनच बंधनकारक आहे. कायदा आता बरा आहे. अंमल करणारा जागरूक हवा. पण या आक्षेपामागे एक गृहीतक असते, की ट्रायल कोणीतरी बाहेरचा आपल्यावर करतो. प्रश्न आपल्याच माणसाने, आपल्याच गरजेतून विचारला तर काय होते हे टाटा मेमोरियलने वारंवार दाखवले आहे. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला असताना मानेतल्या गाठी लगेच काढाव्यात की वाट पाहावी, हा तंबाखू-गुटख्याने पोखरलेल्या देशाचा प्रश्न आहे. डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या अभ्यासाने २०१५ मध्ये दाखवले की लगेच काढल्यास तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात असतात, वाट पाहिल्यास ६७.५ टक्के. स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती भूल देण्याचे साधे, स्वस्त औषध टोचले तर काय होते, हे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी अनेक केंद्रांतल्या सुमारे १,६०० स्त्रियांवर तपासले. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. आणि लाखोंच्या किमतीचे निव्होलुमॅब नेहमीच्या मात्रेच्या बाराव्या हिश्श्याइतके, फक्त २० मिलिग्रॅम दिले, तर डोके-मानेच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये वर्षभर जगणारे १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर पोचले, हे २०२३ चे संशोधन. आपलेच महाग औषध कमी दिले तर चालेल का, हा प्रश्न कोणती कंपनी विचारील? भुलीच्या औषधातून कोणाला नफा आहे? असे प्रश्न सार्वजनिक पैशावर चालणारी संस्थाच विचारू शकते. ट्रायल नको म्हणणारा समाज कंपन्यांना अडवतो असे त्याला वाटते, पण अडतात ते हे प्रश्न.

चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळे होती. औषधे, मनुष्यबळ, खाटा यांची ओढाताण सगळ्या महाराष्ट्राने वाचली. जिथे रोजचा उपचार धडपडतो तिथे संशोधनाची भाषा कशी करायची? हा प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करता येणार नाही आणि करूही नये. संशोधनासाठी वॉर्डातला एक रुपया किंवा एक परिचारिका काढून घेणे हा गुन्हाच ठरेल. पण अनुभव उलट दिशेचाही आहे. ट्रायल चालू असलेल्या विभागात प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवावी लागते, औषध वेळेवर दिले की नाही हे बाहेरचा माणूस येऊन तपासतो, मृत्यू झाला तर तो का झाला हे ठरलेल्या मुदतीत लिहून कळवावे लागते. जी शिस्त नसल्यामुळे सरकारी रुग्णालयांत माणसे मोजली जात नाहीत, ती शिस्त ट्रायल सक्तीने आणते. शिवाय आज नांदेडचा कॅन्सर रुग्ण हैदराबाद गाठतो, लातूरचा बार्शी, सोलापूर किंवा रात्रीच्या गाडीने मुंबईतले परळ. संभाजीनगरला २०१२ पासून शासकीय कॅन्सर रुग्णालय आहे, लातूरला विवेकानंद रुग्णालयासारखी सेवाभावी संस्था आहे; तरी शेक आणि केमोच्या महिनोन्‌महिन्यांच्या फेऱ्यांत अर्धवट उपचार सोडणारे थोडे नाहीत. ते का सोडतात आणि कशाने टिकतील, हा स्वतःच ट्रायलचा विषय आहे, आणि त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही.

यंत्राचाच मुद्दा असेल तर तोही आता तितका उरलेला नाही. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, नांदेड आणि लातूर दोन्हीकडे आरटी-पीसीआर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठानेही आपली प्रयोगशाळा त्या कामाला जुंपली. विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधण्याची जी पद्धत तेव्हा घशातल्या नमुन्यावर वापरली, तीच एचपीव्हीसाठी वापरतात. उस्मानाबादच्या अभ्यासात परदेशी किट वापरावे लागले होते; आता देशात तयार होणारी किट आली आहेत. लातूरच्या विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्थेकडे आणि नांदेडच्या महाविद्यालयाकडे स्त्रीरोग, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि जनऔषधवैद्यक हे विभाग आहेत, दरवर्षी पदव्युत्तर प्रबंध लिहिणारे तरुण डॉक्टर आहेत, आणि देशभरच्या तीनशेहून अधिक केंद्रांना जोडणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडचा दरवाजा उघडा आहे. प्रबंधासाठी पन्नास रुग्णांची पाहणी करून ती कपाटात ठेवण्यापेक्षा दोन महाविद्यालयांनी मिळून एकच नीट आखलेला प्रश्न तीन-चार वर्षे धरून ठेवावा. कमतरता आहे ती बहुकेंद्री काम सांभाळणाऱ्या पूर्णवेळ समन्वयकांची आणि संख्याशास्त्राच्या जाणकारांची. ती पदे निर्माण करणे हा शासनाचा विषय आहे आणि तो खर्च एका नव्या इमारतीच्या तुलनेत किरकोळ आहे.

त्याआधी एक पायाभूत काम आहे, ते म्हणजे नोंदणी. उस्मानाबाद-बीड नोंदणीत २०१२-१६ या काळात कॅन्सरचे प्रमाण दर लाख पुरुषांमागे ३९.५ आणि स्त्रियांमागे ४९.४ असे देशातल्या नोंदण्यांत सर्वांत कमी निघाले. ऐझॉलच्या पुरुषांत ते २६९.४ होते. हा कमीपणा खरोखर आजार कमी असल्यामुळे किती आणि तो न सापडल्यामुळे किती, याचे उत्तर बार्शीसारखी गावोगाव फिरणारी नोंदणीच देऊ शकते. नांदेड आणि लातूरला ती नसेल, तर ट्रायलमध्ये कोण वाचले आणि कोण गेले हे पाच वर्षांनी कोण सांगणार? किनवट-माहूरच्या वस्त्यांपर्यंत पोचणारी नोंदणी आधी, प्रयोग मागून, हा बार्शीचा क्रम सोडू नये.

पुढच्या पानांत ट्रायलची आखणी, नीती समितीचे काम, आकडेवारी कशी वाचावी आणि रुग्णाने कोणते प्रश्न विचारावेत यांची सविस्तर चर्चा येईल. त्यात प्रवेश करण्यापूर्वी, माझ्या म्हणण्यातला आक्षेपांना उत्तर देणारा भाग हवेत राहू नये म्हणून, एक अभ्यास कसा असावा ते मांडतो. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड, कंधार, लोहा या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या स्त्रियांना तपासणीसाठी दोन-तीन वेळा रुग्णालयात बोलावणे व्यर्थ आहे. स्त्रीने स्वतःच्या घरी स्वतः घेतलेला नमुना एचपीव्ही तपासणीला चालतो, हे आता सर्वमान्य आहे. तर गावांचे दोन भाग करावेत. एका भागात स्त्रिया ऊसतोडीला निघण्यापूर्वी आशाताईंनी त्यांनी घरीच घेतलेले नमुने गोळा करावेत, विषाणू आढळलेल्या स्त्रियांना त्याच पंधरवड्यात ग्रामीण रुग्णालयात तपासून गरज असेल तर तिथेच उपचार करावेत. दुसऱ्या भागात तीच तपासणी, तेच उपचार, पण परतल्यानंतर उन्हाळ्यात शिबिर भरवून. दोन्हीकडे प्रत्येक बाईला तपासणी मिळते. वंचित गट कुठेच नाही. मोजायचे एवढेच की विषाणू आढळलेल्यांपैकी उपचार पूर्ण झालेल्या स्त्रिया कोणत्या भागात जास्त. ज्या पद्धतीने जास्त होतील ती पुढच्या हंगामात दुसऱ्या भागातही लागू करावी, अशी तरतूद अंदाजपत्रकासह मूळ आराखड्यातच असावी, आणि निकाल छापण्याआधी त्या गावांच्या ग्रामसभांत वाचून दाखवावा.